वेर्नरचा बिनपासवर्डचा फोल्डर

वेर्नर डाल्सगोरचा मला पहिल्या दिवसापासून संशय होता. त्यात त्याने वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही, मला सगळ्यांचाच येतो. निवृत्त होईपर्यंत मी ऑलबोर्ग शहराच्या बसमध्ये तिकिटं तपासली. खिडकीबाहेर फार मन लावून बघणाऱ्याकडे तिकीट नसतं, हे त्या कामात पहिल्या आठवड्यात कळतं. न विचारता तिकीट पुढे करणाऱ्याचं मात्र दोनदा तपासावं, हे कळायला वर्षं जातात. वेर्नर हा न विचारता पुढे करणाऱ्यांतला.

तो आमच्या सोसायटीचा केअरटेकर. फ्योर्डपासून, म्हणजे समुद्राच्या खाडीपासून, दोन गल्ल्या आत, लाल विटांची, चार जिन्यांची आमची इमारत. घरं सगळ्यांच्या मिळून मालकीची, त्यामुळे प्रत्येकाला प्रत्येक विटेबद्दल मत आहे आणि दर मार्चमध्ये वार्षिक सभेत ती मतं बाहेर पडतात. वेर्नर आधी जहाजांच्या कारखान्यात वेल्डर होता. कारखाना बंद पडला तेव्हा तो आणि त्याची बायको इंगा आमच्याकडे आले. तळमजल्यावरची दोन खोल्यांची जागा त्याला कामासोबत मिळाली. काम आहे तोवर घर, असा करार. इंगा आता रस्त्यापलीकडच्या वृद्धाश्रमात असते. तिथल्या ब्रेडचे काप फार पातळ असतात अशी तिची तक्रार, म्हणून रोज दुपारी वेर्नर राय धान्याच्या काळ्या ब्रेडचे जाड काप कापतो, वर लिव्हरचं वाटण फासतो आणि डबा घेऊन रस्ता ओलांडतो.

त्याच्या कमरेला सगळ्या घरांच्या चाव्यांचा जुडगा असायचा. असा जुडगा ज्याच्याकडे आहे त्याच्यावर लक्ष नको ठेवायला? एकदा मी आठवडाभर बहिणीकडे स्कागेनला गेले. माझं स्वयंपाकघर गरम ठेवणारा पाण्याचा रेडिएटर ठिबकत होता आणि तसं मी वेर्नरला सांगितलेलं होतं. निघताना दाराच्या फटीवर शिवणाचा काळा दोरा चिकटवला. परत आले तर दोरा जागच्या जागी, आणि आत फरशीवर तळं साचलेलं. मी तडक खाली गेले.

"तू आत का नाही आलास?"

"बेल वाजवली होती. तू नव्हतीस."

"मी स्कागेनला होते. चावी आहे ना तुझ्याकडे?"

"आहे. पण तू आत जा म्हणाली नव्हतीस."

"रेडिएटर ठिबकतोय असं सांगितलं होतं की नाही?"

"ठिबकतोय एवढंच सांगितलं होतंस," असं म्हणून तो बादली आणि फडकं घेऊन माझ्यामागे जिना चढला.

त्या दिवशी मला त्याचा भयंकर राग आला आणि संशय थोडा कमी झाला. पूर्ण गेला नाही. त्याला दोरा दिसलाही असेल.

आमच्याकडे इंटरनेट सगळ्यांचं मिळून एकच आहे. तळघरातून निघणारी केबल प्रत्येक घरात जाते. ज्या वर्षी सोसायटीच्या मंडळाने कागद छापणं बंद करायचं ठरवलं, त्या वर्षी वेर्नरने कोणीतरी कचऱ्याच्या खोलीत टाकलेला जुना कॉम्प्युटर उचलला आणि तळघरातल्या हीटिंगच्या खोलीत, रंगाच्या डब्यांशेजारी फळीवर ठेवला. तिथे कोरडं आणि उबदार असतं. ग्रंथालयातून कॉम्प्युटरची मासिकं आणली आणि कित्येक संध्याकाळी तो तिथे खाटखूट करत बसला. काय करतोय हे कोणाला सांगेना. मी दोनदा मुद्दाम तळघरात जाऊन आले, दोन्ही वेळा दार सताड उघडं होतं. मला ते अजिबात आवडलं नाही.

मग एक दिवस चारही जिन्यांत चिठ्ठ्या लागल्या. इमारतीच्या नेटवर्कवर आता 'सर्वांसाठी' नावाचा फोल्डर आहे. त्यात सभांची इतिवृत्तं, इमारतीचे नकाशे, कोणत्या नळाचं पाणी कुठून बंद होतं, उन्हाळी पार्टीचे फोटो आणि वाढदिवसांना रचलेली गाणी आहेत. बघा, घ्या, आपलंही टाका. पासवर्ड नाही.

शेवटचे दोन शब्द मी पुन्हा पुन्हा वाचले आणि खाली गेले.

"कोणीही आत शिरू शकतं?"

"कोणीही. तो प्रत्येकाला पाहुणा समजतो. नावसुद्धा विचारत नाही."

"आणि पाहुण्याने सगळं पुसून टाकलं तर? कोणी पुसलं हे कसं कळणार?"

"नाही कळणार. दर रविवारी मी सगळ्याची एक प्रत काढून ठेवतो."

"म्हणजे विश्वास तुझाही नाही."

"माणसांवर आहे," वेर्नर म्हणाला. "ओलुफच्या बोटांवर नाही."

ओलुफ चौथ्या मजल्यावर राहतो. म्हातारा आहे, हात थरथरतात आणि पासवर्ड लक्षात राहत नाही. बँकेचा पासवर्ड त्याने लोण्याच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवलाय, हे अख्ख्या जिन्याला ठाऊक आहे. त्याच्यासारख्यांसाठीच वेर्नरने ही व्यवस्था केली होती. ओलुफही खूश होता. रोज सकाळी तो फोल्डर उघडायचा, जुन्या पार्ट्यांचे फोटो बघायचा आणि त्यातलं कोण कोण आता नाही ते मला जिन्यात गाठून सांगायचा.

दोन वर्षं सुखात गेली. मग बाल्कन्यांचा विषय निघाला.

अंगणाच्या बाजूला सगळ्यांना बाल्कनी हवी, असं इमारतीतल्या निम्म्या लोकांना वाटायला लागलं. त्यांची पुढारी मेरेटे, तिसऱ्या जिन्यातली. दातांच्या दवाखान्यात कामाला आहे, बोलताना समोरच्याच्या तोंडात बघते. तिच्या बाजूला तरुण जोडपी आणि आमच्या मंडळाचा अध्यक्ष यॉकिम. विरोधात ओलुफ, मी आणि ज्यांना वाढीव हप्ता झेपणार नव्हता ते सगळे. वेर्नरला मत नव्हतं, पण तो एकदा बोलून गेला की पूर्वेकडची भिंत आधी नीट तपासून घ्या, विटा जुन्या आहेत. झालं. बाल्कनीवाल्यांच्या हिशेबी तो विरोधकांचा माणूस ठरला.

आर्किटेक्टचे नकाशे आले. मंडळाने ते वेर्नरला फोल्डरमध्ये टाकायला सांगितले, त्याने टाकले. आणि नेमकं त्याच सुमारास मेरेटेच्या नव्या कोऱ्या लॅपटॉपवर फोल्डर उघडेनासा झाला. टिचकी मारली की एक चौकट यायची: नाव आणि पासवर्ड टाका.

मेरेटेने मला कपडे धुण्याच्या खोलीत गाठलं. मशीन फिरत होतं, त्यामुळे ती जरा मोठ्यानेच बोलत होती.

"तुझं उघडतं, अस्टा?"

"उघडतं."

"ओलुफचं?"

"रोज."

"माझं नाही उघडत. यॉकिमचं नाही. पहिल्या जिन्यातल्या त्या दोघांचं नाही. आम्ही सगळे बाल्कनीवाले. ज्यांचं उघडतं ते सगळे तुमच्या कंपूतले. तू जन्मभर लोकांची तिकिटं तपासलीस, आता तूच सांग, याला काय म्हणायचं?"

मी धुतलेल्या चादरीची घडी घालत राहिले. मी तिच्या जागी असते तर हेच म्हणाले असते. इतकं चोख प्रकरण मला बसमध्येही कधी सापडलं नव्हतं.

ही माणसं मी ओळखते. बर्फ पडत असलं तरी बाबागाडीत तान्हं मूल झोपवून गाडी अंगणात ठेवतात आणि वर कॉफी प्यायला जातात. सुट्टीला जाताना चावी पायपुसण्याखाली सारतात. रस्त्याच्या कडेला बटाट्याच्या पिशव्या आणि पैशांचा डबा ठेवून शेतकरी शेतात निघून जातो, त्याचं यांना काही वाटत नाही. पण फोल्डरला पासवर्ड नाही म्हटल्यावर एकाचाही विश्वास बसेना. कुठेतरी पाणी मुरतंय, अशी सगळ्यांची खात्री झाली.

वेर्नर अंगणातल्या निसरड्या बर्फावर वाळू टाकत असताना मेरेटे त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. मी खिडकीत होते. खिडकी उघडीच होती, कारण मी ती उघडली होती.

"पासवर्ड काय आहे, वेर्नर?"

"नाहीये."

"लॅपटॉप विचारतोय."

"रिकामं सोड आणि पुढे जा."

"गेले. उघडत नाही."

"मग लॅपटॉपचं काहीतरी चुकतंय."

"माझा नवा लॅपटॉप चुकतो, आणि ओलुफचा तो खटारा बरोबर?"

"मला माहीत नाही, मेरेटे. मी वर येऊन बघू का?"

"माझ्या लॅपटॉपला हात लावायचा नाही."

'मला माहीत नाही' हे मी बसमध्ये सगळ्यात जास्त ऐकलेलं वाक्य. मी वेर्नरचा चेहरा वरून नीट न्याहाळला. तो खाली बघत होता. खोटं बोलणारे खाली बघतात, आणि वाळू टाकणारेही.

ज्यांचं उघडत नव्हतं त्यांच्यासाठी त्याने स्वतःच्या प्रिंटरवर कागद छापून त्यांच्या टपालपेटीत टाकायला सुरुवात केली. त्याने आगीत तेलच पडलं. कोणते कागद द्यायचे हे कोण ठरवतं? पूर्वेकडच्या भिंतीचा नकाशा का नाही आला? तो कागद त्याच्या प्रिंटरमध्ये मावत नव्हता म्हणून. पण हे कारण कोणाला पटणार? मलाही पटलं नव्हतं. मी टेप घेऊन गेले आणि प्रिंटर मोजला, तेव्हा पटलं.

फेब्रुवारीत यॉकिमने सभेची विषयपत्रिका लावली. त्यात एक विषय होता: केअरटेकरचं काम बाहेरच्या कंपनीकडे देणे. कंपनीने दर पाठवलेला होता. त्यांची माणसं गाडी घेऊन येणार, जिने धुणार, निघून जाणार. वेर्नरचं काम गेलं की घर जाणार, हे लिहायची गरज नव्हती. निवृत्तीला त्याला अजून चार वर्षं होती. नगरपालिकेच्या यादीत त्याला मिळण्यासारखी जागा शहराच्या पार पूर्व टोकाला. तिथून इंगाच्या वृद्धाश्रमाला यायला दोन बस बदलाव्या लागतात, आणि त्या मार्गावर दुपारच्या बस कशा चुकतात हे माझ्याइतकं कोणाला माहीत असणार.

नेमका त्याच दिवसांत माझा कॉम्प्युटर मंदावला आणि मी नवा घेतला. केबल लावली, 'सर्वांसाठी'वर टिचकी मारली. चौकट आली. नाव आणि पासवर्ड टाका.

मी गारच पडले. म्हणजे आता माझाही नंबर लागला? मी आठवून बघितलं. बर्फ वितळायला पायऱ्यांवर मीठ टाकलं नाही म्हणून मी जानेवारीत त्याच्यावर खेकसले होते. मेरेटेशी धुण्याच्या खोलीत बोलताना त्याने पाहिलं असेल. दोन दिवस मी खिडकीतून त्याच्यावर डोळ्यात तेल घालून नजर ठेवली. तो नेहमीसारखाच वागत होता, आणि हेच सगळ्यात संशयास्पद होतं.

तिसऱ्या दिवशी मी तळघरातल्या माझ्या सामानाच्या जाळीच्या खणातून जुना कॉम्प्युटर वर आणला आणि त्याच टेबलावर, त्याच केबलला लावला. त्याला सुरू व्हायला इतका वेळ लागला की मी तेवढ्यात बटाटे सोलले. टिचकी मारली आणि फोल्डर उघडला. नकाशे, फोटो, गाणी, सगळं जागच्या जागी. केबल काढून नव्याला लावली तर पुन्हा पासवर्डची चौकट. पुन्हा जुन्याला लावली, उघडला. घर तेच, केबल तीच, बाई तीच. माणूस बघून कोणी अडवत नव्हतं. यंत्र बघून अडत होतं. आणि नवी यंत्रं कोणाकडे होती? ज्यांना बाल्कनी परवडते त्यांच्याकडे.

तरी खात्री करायला मी ग्रंथालयात गेले. तिथे गुरुवारी एक बाई लोकांच्या कॉम्प्युटरच्या अडचणी सोडवायला बसते. तिने माझं सगळं ऐकून घेतलं आणि ती हसली.

"नव्या कॉम्प्युटरना तसंच शिकवलेलं असतं. समोरच्याने ओळख न विचारता आत घेतलं तर ते स्वतःच जायला नकार देतात. आत काहीतरी धोका असणार असं समजतात."

"म्हणजे कॉम्प्युटरच संशयी आहे?"

"असंच समज."

"मग पासवर्ड का मागतो?"

"ओळख दाखवल्याशिवाय त्याला चैन पडत नाही म्हणून. तुमच्या माणसाला सांग, एक नाव आणि एक पासवर्ड ठेव आणि सगळ्यांना तोच दे. नवे-जुने सगळे उघडतील."

मला माझ्या नव्या कॉम्प्युटरबद्दल जरा आदरच वाटला. पण वेर्नरचं काय होणार, हे डोक्यातून जाईना.

मी गेले तेव्हा तो इंगाचे ब्रेड कापत होता. मी सगळं सांगितलं. त्याने सुरी बाजूला ठेवली.

"कुलूप लावलं की सगळ्यांना उघडणार?"

"हो."

"आणि कुलूप नाही म्हणून उघडत नाहीये?"

"बरोबर."

त्याने कापलेले काप एकावर एक रचले. "मी दोन महिने त्या खोलीत डोकं फोडतोय, अस्टा. मला वाटलं माझंच काहीतरी चुकलं."

"तुझं काही चुकलेलं नाही. आज पासवर्ड टाक, जुन्या कॉम्प्युटरना मात्र सभेपर्यंत तसंच आत येऊ दे, आणि उद्या सभेत हेच सांग. मी माझे दोन्ही कॉम्प्युटर घेऊन येते. सगळ्यांसमोर दाखवते."

"ओलुफचं काय? त्याला कसा लक्षात राहणार?"

"लोण्याच्या डब्याच्या झाकणावर जागा आहे अजून."

तेव्हा तो हसला. त्या हिवाळ्यात मी त्याला हसताना पहिल्यांदाच पाहिलं.

सभा तळघरातल्या पार्टीच्या खोलीत भरली. हेरिंग माशाचे सँडविच, बिअर, कॉफीचे थर्मास. माझे दोन्ही कॉम्प्युटर मी पुढच्या टेबलावर मांडून ठेवले होते, पकडलेल्या माणसाची कागदपत्रं मांडतात तसे. वेर्नर मागे, दाराजवळच्या खुर्चीवर बसला होता. इस्त्रीचा शर्ट घातला होता.

त्याचा विषय आला. यॉकिमने कंपनीचा दर वाचून दाखवला आणि मेरेटेला बोलायला सांगितलं. ती उभी राहिली.

"माझं वेर्नरशी वैयक्तिक भांडण नाही. जिने स्वच्छ असतात, ते मी नाकारत नाही. पण ज्याच्याकडे आपल्या सगळ्यांच्या घरांच्या चाव्या आहेत, तो माणूस तोंडावर खोटं बोलत असेल तर मला झोप लागत नाही. माझा प्रश्न एवढाच आहे, पासवर्ड आहे की नाही?"

मी हात वर केला आणि उत्तराची वाट न बघता उठले. जुना कॉम्प्युटर, नवा कॉम्प्युटर, ग्रंथालयातली बाई, सगळं क्रमाने सांगितलं. माझ्या मते फार स्वच्छ सांगितलं.

"अस्टा," मेरेटे म्हणाली, "तुझ्या नव्या कॉम्प्युटरवर उघडत नव्हतं?"

"नव्हतं. तेच तर सांगतेय."

"म्हणजे तुलासुद्धा त्याने पासवर्ड दिला नव्हता."

खोलीत हशा पिकला. मागून कोणीतरी म्हणालं, "आणि तरी बिचारी त्याचीच वकिली करतेय." ओलुफ थरथरत्या हाताने बिअरची बाटली धरून म्हणाला, "माझं तर रोज उघडतं," आणि पहिल्या जिन्यातला तरुण लगेच म्हणाला, "तेच तर." मी जुना कॉम्प्युटर सुरू करायला गेले. तो सुरू होता होईना. लोक घड्याळं बघायला लागले.

यॉकिमने पेनाने ग्लासवर टकटक केली. तो वाईट माणूस नाही. त्याला फक्त सगळं वेळेत संपलेलं आवडतं.

"वेर्नर, हे बघ," तो म्हणाला, "कुलूप यंत्र लावत नाही, माणूस लावतो. हे यंत्रांचं पुराण आज नको. तू पासवर्ड सांगितलास आणि जे झालं ते झालं म्हणून मोकळा झालास, तर मी स्वतः सुचवतो की करार आहे तसा चालू ठेवावा. नाहीतर मला कंपनीचा दर मताला टाकावा लागेल."

सगळे वळून मागे बघायला लागले. वेर्नर उभा राहिला. दोन्ही हात खुर्चीच्या पाठीवर ठेवले होते.

"पासवर्ड आहे," तो म्हणाला.

"आहे ना?" मेरेटे म्हणाली.

"आहे."

"कधीपासून?"

मी त्याच्याकडे बघत होते. आदल्या दिवशी दुपारपासून, एवढंच त्याने म्हणायचं होतं. मला खरं उत्तर माहीत होतं, त्याला माहीत होतं, आणि त्या खोलीत ते आणखी कोणालाच नको होतं. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.

"सुरुवातीपासून," वेर्नर म्हणाला.

खोलीतले सगळे एकदम सैल झाले. खुर्च्या करकरल्या, कोणीतरी कॉफी ओतली. मी पुन्हा उठले, तोंडही उघडलं, तेवढ्यात त्याने दाराजवळून तळहात खाली केला. बस, एवढाच अर्थ होता त्याचा. मी बसले. तिकीट खिशात असलेल्या माणसाने मुकाट्याने दंड भरलेला मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला, आणि मला इतका संताप आला की उचललेला सँडविच मी तसाच परत ताटात ठेवला.

"काय आहे पासवर्ड?" यॉकिमने विचारलं.

"हेरिंग."

"एवढा सोपा?" पहिल्या जिन्यातला तरुण म्हणाला. "हा तर कोणीही ओळखेल."

"मला हेरिंग आवडत नाही," मेरेटे म्हणाली, पण ती खुशीत होती. तिने लॅपटॉप सोबत आणलाच होता. नाव टाकलं, हेरिंग टाकलं, फोल्डर उघडला. बाल्कन्यांचे सगळे नकाशे, पूर्वेकडच्या भिंतीसकट, जसेच्या तसे. तिने ते वर-खाली करून बघितले.

"यात लपवण्यासारखं होतं तरी काय?" तिने विचारलं.

"काहीच नव्हतं," वेर्नर म्हणाला. हे मात्र अक्षरशः खरं होतं, आणि त्यावर लोक समजूतदारपणे माना हलवत होते.

करार चालू ठेवावा म्हणून हात वर झाले. सगळ्यांचे झाले. मेरेटेने तर बोलायला वेळ मागून घेतला. चुकतो प्रत्येकजण, ती म्हणाली, पण इतक्या लोकांसमोर कबूल करायला हिंमत लागते, आणि असा माणूस आपल्याला हवा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ओलुफनेही वाजवल्या. त्याला काय चाललंय ते नीट कळलं नव्हतं. तो मला विचारत होता की आता हेरिंग कुठे टाकायचं.

बाहेर पडताना मी वेर्नरला अंगणात अडवलं.

"तू खोटं बोललास."

"हो."

"मी सिद्ध केलं असतं. कॉम्प्युटर सुरू होतच आला होता."

"त्यांनी कंपनी आणली असती, अस्टा. तू सिद्ध करत असतानाच आणली असती." त्याने कॉलर वर केली. "इंगाला दुपारी डबा लागतो."

मी जुना कॉम्प्युटर त्याच्या हातात दिला आणि नवा स्वतः उचलला.

पुढच्या आठवड्यात यॉकिमने इतिवृत्त लिहून वेर्नरकडे पाठवलं, नेहमीसारखं फोल्डरमध्ये टाकायला. ते टाकणं वेर्नरचंच काम. मी हीटिंगच्या खोलीत गेले तेव्हा त्याने ते नुकतंच टाकलं होतं आणि पडद्यावर उघडं होतं. मी चष्मा लावून वाचलं. सामायिक फोल्डरचा पासवर्ड काही सभासदांपासून दडवून ठेवल्याचं केअरटेकरने मान्य केलं. सभेने त्याची माफी स्वीकारली.

"माफी कधी मागितलीस तू?"

"मागितली असेल."

"नाही मागितलीस. मी तिथे होते."

तो रंगाचे डबे सारखे करत राहिला. मी त्याच्या खुर्चीत बसले आणि माउस हातात घेतला.

"हे मी पुसतेय. तूही याची प्रत ठेवू नकोस. आता पासवर्ड सगळ्यांकडे आहे, आणि सगळ्यांचा एकच आहे. कोणी पुसलं ते जन्मात कळणार नाही."

"राहू दे, अस्टा."

"का राहू दे? इमारत आहे तोवर हे इथे राहील. तुझ्यामागून येणारा केअरटेकरसुद्धा वाचेल."

"उद्या ती फाइल दिसली नाही," वेर्नर म्हणाला, "तर पहिलं नाव कोणाचं घेतील?"

मेरेटेने त्याचंच घेतलं असतं, यॉकिमने त्याचंच. मला ठाऊक नसतं, तर मीही त्याचंच घेतलं असतं. मी माउस खाली ठेवला.